गावातली शुगर: किती जणांना, कशामुळं, आणि इतकी वर्षं कळत का नाही

मागच्या श्रावणात एक मामा लॅबमध्ये आले, पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं. बाभळीचा काटा मोडला होता, काढला, हळद भरली, दीड महिना झाला तरी जखम भरेना म्हणून डॉक्टरांनी शुगर बघायला पाठवलं. मी तालुक्याच्या गावी लॅबमध्ये १४ वर्षं रक्त काढतोय, असा अंगठा बघितला की आधी पोटात गोळा येतो. वय विचारलं तर म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात मायच्या पोटात होतो, लावा तुम्हीच हिशोब." शुगर निघाली ३४०. सांगितलं तर माझ्यावरच चिडले, "मला कसली शुगर डॉक्टर? मी काय शहरातला हाय का, रानात असतोय दिवसभर, अंगावर मास नाही, आन गोड तर मला आवडतच नाही." मी डॉक्टर नाही, पण लॅबवाल्यालाही इकडं डॉक्टरच म्हणतात.

मामांचं हे बोलणं मी रोज ऐकतो. शुगर शहरातल्या लोकांना होते, जाड माणसाला होते, गोड खाणाऱ्याला होते. तिन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत आणि त्या अर्ध्या खऱ्या गोष्टींमुळं आपली माणसं पाच-सात वर्षं उशिरा तपासायला येतात, तोपर्यंत पाय, डोळे, किडनी यातलं काहीतरी धरलेलं असतं. म्हणून जरा बैजवार लिहितोय, वाचा आणि घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

आधी शुगर म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. सोयाबीनच्या सीझनमध्ये मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, गेलाय ना कधी? आपण भाकरी खाल्ली, भात खाल्ला की पोटात त्याची साखर होते म्हणजे ग्लुकोज, आणि ती रक्तात येते. रक्त म्हणजे मोंढ्याचा रस्ता समजा, साखर म्हणजे पोत्यांनी भरलेल्या गाड्या, शरीरातल्या पेशी म्हणजे दोन्ही बाजूची गोदामं आणि इन्सुलिन म्हणजे हमाल. हमालानं पोती उचलून गोदामात टाकली की गाड्या रिकाम्या, रस्ता मोकळा. आता गोदामात आधीच माल कोंबलेला असेल, दार नीट उघडत नसेल, तर तेवढीच पोती आत टाकायला दुप्पट हमाल लागतात. पोटावर, लिव्हरमध्ये चरबी साचली की असंच होतं, इन्सुलिन असतं पण त्याचा जोर चालत नाही. जठराच्या मागं स्वादुपिंड नावाचा अवयव आहे, तो बिचारा जास्तीचे हमाल पाठवत राहतो, एक वर्ष, पाच वर्षं, आणि हळूहळू थकतो. हमाल कमी पडले की गाड्या रस्त्यावरच उभ्या, त्यालाच आपण शुगर म्हणतो. रिपोर्टमध्ये पहिल्यांदा शुगर दिसते तेव्हा बऱ्याच जणांच्या स्वादुपिंडाची निम्म्याच्या आसपास ताकद आधीच गेलेली असते. म्हणजे मामांची शुगर त्या दिवशी लागली नाही, ती कैक वर्षांपासून चालत आलेली होती.

मग इतकी वर्षं कळलं का नाही? कारण साधं आहे. किडनी रक्तातली साखर वाया जाऊ देत नाही, गाळून परत आत घेते. रक्तात साखर साधारण १८० च्या वर गेली की मगच ती लघवीत उतरायला लागते, सोबत पाणी ओढते, मग वारंवार लघवी, तहान, लघवीला मुंग्या लागणं, वजन उतरणं हे सगळं चालू होतं. पण उपाशीपोटी १२६ ला बिमारी सुरू झालेली असते. १२६ ते १८० या मधल्या पट्ट्यात माणूस वर्षानुवर्षं फिरत असतो, त्याला काही म्हणजे काही जाणवत नाही, आणि आतून नसा खराब होत राहतात. त्रास होईल तेव्हा बघू म्हणणारा माणूस म्हणूनच फसतो.

आता प्रमाण. एखाद्या गावात शुगरचं प्रमाण किती, म्हणजे आज या घडीला तिथल्या १०० मोठ्या माणसांपैकी किती जणांना शुगर आहे, मग ती त्यांना माहीत असो वा नसो. हे 'माहीत नसो' फार महत्त्वाचं आहे. गावात विचारत फिरलात तर कुणीही दहा-पंधरा नावं सांगेल, हे झाले ज्यांना माहीत आहे ते. बाकीचे शोधायला घरोघर जाऊन प्रत्येकाचं रक्तच तपासावं लागतं.

असं काम आपल्या देशात झालंय. आयसीएमआर म्हणजे केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिचा इंडियाब नावाचा मोठा अभ्यास, २००८ ते २०२० अशी १२ वर्षं टप्प्याटप्प्यानं चालला, २० वर्षांवरची १ लाख १३ हजार माणसं तपासली आणि २०२३ मध्ये निकाल आला. देशभरात ११.४ टक्के लोकांना शुगर, शहरात १६.४ आणि खेड्यात ८.९. हे वाचून गावाकडचा माणूस म्हणतो बघा, आपल्याकडं कमीच आहे की. थांबा. त्याच अभ्यासात प्रीडायबेटिस म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर उभी असलेली माणसंही मोजली, ती शहरात १५.४ टक्के आणि खेड्यात १५.२. म्हणजे जवळजवळ सारखीच. शहरातले जास्त लोक आत गेलेत एवढंच, दाराबाहेरची रांग खेड्यातही तेवढीच मोठी आहे. मला या सगळ्या अभ्यासातला सगळ्यात काळजीचा आकडा हाच वाटतो.

गावाच्या हिशोबात सांगतो. तीन हजार वस्तीचं गाव धरा, त्यात मोठी माणसं दोन हजार. देशातल्या खेड्यांची सरासरी लावली तर १७५ ते १८० जणांना शुगर आणि तीनशेच्या वर माणसं उंबरठ्यावर. प्रत्येक गावाचा आकडा वेगळा येणार, ही सरासरी आहे, पण तुमच्या गावात शुगरवाले म्हणून दहा-पंधराच नावं माहीत असतील तर बाकीचे कुठं आहेत याचा विचार करा. ते पारावर बसलेत, रानात गेलेत, चुलीपुढं बसलेत.

लोक विचारतात की मागच्या महिन्यात गावात कॅम्प झाला होता, त्यात दीडशे जणांत चाळीस जणांना शुगर निघाली, मग ते प्रमाण धरायचं का? नाही. कॅम्पला कोण येतं बघा, ज्याला आधीच काहीतरी होतंय तो येतो, म्हातारी माणसं येतात, बायका येतात. तरणी माणसं कामाला पुण्याला, बाकीची रानात. म्हणजे कॅम्पचा आकडा जास्तच येणार. उलट दवाखान्याच्या रजिस्टरवरून मोजलं तर कमी येणार, कारण जे कधी दवाखान्यात गेलेच नाहीत ते त्यात नाहीत. वयाचाही फरक पडतो, ज्या गावात तरुण उरले नाहीत तिथं प्रमाण आपोआप जास्त दिसतं. म्हणून घरोघर, ठरवून, सगळ्या वयाची माणसं घेऊन मोजलेलंच खरं.

आणि मोजण्यातही चूक होते. एका कॅम्पला गुऱ्हाळावर काम करणारा तरणा पोरगा आला, काम सोडून तसाच पळत आलेला, बोटाला सुई टोचली, मशीनवर ३८० दिसलं. पोराचा चेहरा उतरला, लग्न ठरलेलं होतं त्याचं. त्याच्या हाताकडं बघितलं तर बोटं चिकट, नखात गूळ. साबणानं हात धुवायला लावले, कोरडे केले, दुसऱ्या बोटातून घेतलं, ११२. तेवढा गुळाचा अंश रक्ताच्या थेंबात मिसळला की मशीन तेच मोजणार. त्या दिवसापासून मी कॅम्पला जाताना साबण आणि पाण्याची कॅन आधी गाडीत ठेवतो, मशीन नंतर. स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, हात धुवायलाच लावायचे. आणि बोटाच्या मशीनवर जास्त आली तरी पक्कं करायला हाताच्या शिरेतलं रक्त लॅबमध्ये द्यावंच लागतं.

आता रिस्क फॅक्टरकडं येऊ. हा शब्द आजकाल सगळे वापरतात, अर्थ मात्र नीट सांगत नाहीत. कोरडवाहू रान असलं म्हणून दरवर्षी पीक जळतंच असं नाही, आणि पाण्याखालच्या रानातलं पीक कधी जातच नाही असंही नाही, पण दहा वर्षांचा हिशोब काढला तर कोरडवाहूचं जास्त वेळा गेलेलं दिसेल. रिस्क फॅक्टर म्हणजे हे असं. कोरडवाहूही, हलकी जमीनही आणि उशिरा पेरणीही असं तिन्ही एका रानात आलं की मग भरवसा कमी होत जातो.

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या टीमनं २००५ मध्ये याचं एक साधं गणित मांडलं, रक्त न काढता होतं. वय ३५ च्या आत असेल तर शून्य मार्क, ३५ ते ४९ ला २०, पन्नाशीच्या पुढं ३०. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असेल तर शून्य, त्याच्यावर दहापर्यंत वाढली तर १०, आणखी जास्त असेल तर २०. कष्टाचं कामही आहे आणि वेगळा व्यायामही आहे तर शून्य, दोन्हीतलं एकच असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०. आईवडिलांपैकी एकाला शुगर असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा वर आली की धोका जास्त, तपासून घ्याच.

मामांचं मी तिथंच बसून केलं. वयाचे ३० मार्क. टेपनं कंबर मोजली तर ९४, हात-पाय काटकीसारखे, पण बनियनच्या आत गोल पोट, १० मार्क. काम रानातलं, वेगळा व्यायाम नाही, २०. झाले ६०. मग विचारलं, आई-बापाला शुगर होती का? "बाप तर लवकरच गेला, कशानं गेला काय माहीत. माय हाय अजून, तिला कोण तपासतंय?" कागदावर मी शून्य लिहिलं, पण ते शून्य खरं शून्य नाही. ज्या घरात कुणाची शुगर कधी मोजलीच नाही त्या घरात आमच्याकडं शुगर नाही असं म्हणता येत नाही. आपल्या भागातल्या निम्म्या कागदांवर हे असले शून्य असतात.

ते गोल पोट आणि बारीक हातपाय हे आपल्या माणसाचं खास आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांचा आणि इंग्लंडच्या एका डॉक्टर मित्राचा जोडीनं काढलेला फोटो २००४ मध्ये छापून आला, दोघांचा बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं, २२.३. पण अंगातली चरबी त्या मित्राची ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघं सारखे, आतून एकदम वेगळे. म्हणून आपल्यासाठी जाड माणसाची व्याख्याच बदलावी लागली, बीएमआय २३ च्या वर गेला की आपल्याला वजन जास्त धरतात, बाकी जगात ही रेघ २५ ला आहे. अंगावर मास नाही म्हणणाऱ्या मामांचं म्हणणं खरंच होतं, मास नव्हतं, चरबी होती, आणि ती पोटात होती.

ही चरबी येते कुठून याचं उत्तर याज्ञिक सरांच्या टीमनं पुण्याजवळच्या खेड्यांत शोधलं. १९९३ पासून त्यांनी गरोदर बायकांचा आणि नंतर त्यांच्या लेकरांचा पाठपुरावा केला. रानात राबणाऱ्या, कमी वजनाच्या, पोटभर न खाणाऱ्या आया, त्यांची लेकरं जन्मताना सरासरी पावणेतीन किलोच्याही आत, इंग्लंडच्या लेकरांपेक्षा जवळजवळ किलोभर हलकी. पण कमी पडलं ते मास, चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली. पोटात असतानाच लेकरू शिकतं की बाहेर अन्न कमी आहे, जे मिळेल ते साठवून ठेवायचं. तेच लेकरू पुढं मोठं झालं, पोटभर खायला मिळालं, कष्ट कमी झाले की साठवायची ती सवयच अंगावर येते.

आता मामांचं वाक्य आठवा, बहात्तरच्या दुष्काळात मायच्या पोटात होतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळं उपासमार झाली होती, तेव्हा आईच्या पोटात असलेली लेकरं पन्नाशीला आल्यावर तपासली तर साखर पचवायची त्यांची ताकद बाकीच्यांपेक्षा कमी निघाली. आपल्याकडं ७२-७३ ला सुकडी आणि मिलो नावाच्या लाल ज्वारीवर दिवस काढत आयाबायांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, त्यातल्या कितीतरी पोटुशी होत्या. त्यांची लेकरं आज बावन्न-त्रेपन्न वर्षांची आहेत. माझं मत विचाराल तर मराठवाड्यात या वयाच्या प्रत्येक माणसानं, काही त्रास असो नसो, यंदा एकदा तरी शुगर बघून घ्यावीच.

खाण्याचं सांगतो. गोड खाल्लं की लगेच शुगर होते असं नाही, पण वजन आणि पोट वाढवायला गोडाची मदत होते, आणि आपल्याकडं ती साखर चहातून जाते. दोन चमचे साखरेचा चहा, दिवसातून पाच-सहा वेळा, कुणाकडं गेलं की घ्यावाच लागतो, झाली ५०-६० ग्रॅम साखर, सोबत खारी-टोस्ट वेगळे. त्यापेक्षा मोठा बदल ताटात झाला. आमच्या आज्याच्या काळी ज्वारी, तूर, मूग, करडई, जवस, अंबाडीची भाजी असं होतं. आता खरिपात जिकडं बघावं तिकडं सोयाबीन, ते मोंढ्यात जातं, आणि घरात रेशनचा गहू-तांदूळ येतो. भुकेला आधार झाला त्याचा, रेशनला नावं ठेवायची नाहीत मला. पण सकाळी पोहे, दुपारी चपाती, रात्री भात, आणि वरण इतकं पातळ की डाळ शोधावी लागते. जालन्याच्या दगडी ज्वारीला आणि लातूरकडच्या बोरसुरीच्या तूरडाळीला जीआय मानांकन मिळालं, आनंदच आहे, पण ज्यांच्या रानात ते पिकतं त्यांच्याच ताटात ते कमी झालंय.

इथं एक सांगतो कारण यात लोक फार फसतात. ज्वारीची भाकरी शुगरला चालते म्हणून चार-चार भाकरी खाणारी माणसं मी बघितलीत. शंभर ग्रॅम ज्वारीत ६५ ते ७० ग्रॅम पिष्ट असतंच, गव्हातही जवळपास तेवढंच. ज्वारीत चोथा चांगला, पचायला वेळ लागतो, साखर हळू चढते, म्हणून ती बरी, पण भाकरी मोजूनच खायची. चार भाकरी चिमूटभर चटणीसोबत खाण्यापेक्षा दीड भाकरी, वाटीभर घट्ट डाळ, पालेभाजी आणि ताक हे जास्त बरं. उपवासाचं तर विचारूच नका, साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट, भगरीचंही फार वेगळं नाही, नवरात्रात नऊ दिवस हेच आणि गोळी मात्र उपवासाला चालत नाही म्हणून बंद, दसऱ्यानंतर आमच्या लॅबमध्ये ३००-४०० च्या रिपोर्टांची रांग लागते. गोळी घेतल्यानं उपवास मोडत नाही हो. आणि काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कडक उपवास केला तर शुगर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो, तेव्हा उपवास धरायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कामाचंही बदललं. बैल गेले, ट्रॅक्टर आला, खुरपणीच्या जागी तणनाशक आलं, शेताला जायला गाडी आली. रानात असतोय दिवसभर हे खरं, पण रानात असणं आणि राबणं यात फरक पडलाय. सगळ्यांचं तसं नाही, ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्या बघा, बीड-जालन्याकडून दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत फडावर, पहाटे उठून कोयता, मोळी बांधून गाडी भरायची, इतके कष्ट की शुगर व्हायलाच नको. पण तिथं वेगळीच अडचण. कोपीवर म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहायचं, गावाकडची गोळी महिन्याभराची मिळालेली, ती संपली की दुसऱ्या जिल्ह्यात कुठला दवाखाना, कोण ओळखतंय, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. सहा महिने गोळी बंद. इन्सुलिनवाल्याचे तर जास्तच हाल, फ्रिज कुठून आणायचा? त्यांना मी सांगतो, बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घट्ट बंद करून ती डबी मातीच्या माठात ठेवा, माठ सावलीत, भोवती ओलं फडकं. उघडलेली बाटली गार जागी चार आठवडे टिकते, पण आपल्याकडच्या ४२-४३ च्या उन्हात पत्र्याखाली ठेवली तर ती वाया जाते आणि बघून काहीच कळत नाही.

झोप हाही एक रिस्क फॅक्टर आहे, तो कुणी धरतच नाही. शेतीची लाइट रात्रीची येते, मग रात्री दोनला उठून पाणी द्यायला जा, दिवसा परत काम. झोप मोडत राहिली की इन्सुलिनचा जोर कमी होतो हे पक्कं झालेलं आहे. त्यात कर्जाचं टेन्शन, त्यात बिडी, बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला शुगर व्हायची शक्यता ३० ते ४० टक्क्यांनी जास्त.

अजून एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे. गुडघे दुखतात म्हणून कुणीतरी पुडीत बांधून गोळ्या देतो, दोन दिवसांत एकदम फरक पडतो, मग माणूस वर्षानुवर्षं त्याच घेत राहतो. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि स्टेरॉइडनं शुगर वाढते. नाव न छापलेली, पाकीट नसलेली गोळी कुणाकडूनही घेऊ नका.

बायकांचं वेगळं आहे. गरोदरपणात शुगर वाढली आणि बाळंतपणानंतर उतरली तर घरचे विसरून जातात, पण अशा बाईला पुढं कायमची शुगर व्हायची शक्यता कित्येक पटीनं जास्त असते, आणि त्या लेकरालाही. म्हणून गरोदर बाईची तपासणी दोनदा करायची, पहिल्या भेटीत आणि मग २४ ते २८ आठवड्यांत, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी. १४० किंवा जास्त आली तर लक्ष द्यायचं. सरकारी दवाखान्यात ही टेस्ट फुकट आहे, तरी सासवा म्हणतात एवढी साखर कशाला पाजता सुनेला. समजावून सांगावं लागतं.

तपासायचं कसं आणि कुठं, तर तिशी पार केलेल्या प्रत्येकाची तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथं, फुकट होते. आशाताई घरी फॉर्म भरायला येते तेव्हा तिला टाळू नका, ती कंबर मोजते ते उगीच नाही. उपाशीपोटी म्हणजे आठ तास पोटात पाणी सोडून काही नको. लोक चहा पिऊन येतात आणि म्हणतात, "चहा काय जेवण असतंय का?" असतंय, शुगरच्या टेस्टसाठी असतंय. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ उंबरठा, १२६ किंवा वर शुगर, पण काही त्रास नसेल तर दुसऱ्या दिवशी परत करून पक्कं करायचं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी नावाची टेस्ट असते, त्यात ५.७ ते ६.४ उंबरठा आणि ६.५ किंवा वर शुगर, फक्त अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा चुकू शकतो, आणि आपल्याकडं किती बायकांचं रक्त कमी असतं ते मी रोज बघतो, तेव्हा सोबत हिमोग्लोबिन पण बघून घ्या.

उंबरठ्यावर असलेल्यांना परत फिरता येतं, हे मी ओरडून सांगतो. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमनं उंबरठ्यावरची माणसं घेऊन अभ्यास केला, २००६ मध्ये छापून आला. ज्यांना नुसता साधा सल्ला दिला त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना साधारण तीन वर्षांत शुगर झाली. ज्यांचं खाणं आणि चालणं नीट लावून देऊन सतत पाठपुरावा केला त्यांच्यात ३९. आपल्याच देशातली माणसं, कुणी जिमला गेलं नाही, रोज अर्धा तास भरभर चालणं आणि ताटात बदल एवढंच.

मामांचा अंगठा वाचला, नशीब म्हणा. डॉक्टरांनी गोळ्या, काही दिवस इन्सुलिन, रोज ड्रेसिंग केलं. त्यांना तुळजापूरला अनवाणी जायचं होतं, ३० वर्षांची प्रथा. मी हात जोडून सांगितलं, मामा, तुमच्या तळपायाला आता काटाच काय, खिळा गेला तरी कळणार नाही, चप्पल घालून जा, आई रागावत नाही. ते गप्प बसले. पण कोजागरीला गेले ते सँडल घालून गेले, पोरानं फोटो दाखवला मोबाइलमध्ये.

पोरगा २६ वर्षांचा, वडिलांसारखाच बारीक, शर्टात पुढं पोट दिसत होतं. त्याला म्हटलं, गाडीत सुतळी आहे का? घेऊन आला. डोक्यापासून टाचेपर्यंत त्याच्या उंचीएवढी सुतळी तोडली, मधोमध दुमडली आणि बेंबीवरून कंबरेभोवती फिरवायला सांगितली. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त नसावी, टोकं जुळली तर बरं. त्याची चार बोटं कमी पडली. उपाशीपोटी केली तर १०८. "म्हणजे मला शुगर हाय का नाही?" नाही, पण तुझी पाळी रांगेत आहे, म्हटलं, आणि तू अजून मागं फिरू शकतोस. चहात साखर अर्धी, रानात गाडी न्यायची नाही, रात्रीच्या भाताऐवजी डाळ-भाजी जास्त, तीन महिन्यांनी परत ये आणि येताना हीच सुतळी आण.

त्यानं ती गुंडाळून खिशात घातली आणि जाताना म्हणाला आजीला पण आणतो, तिचं कधीच बघितलं नाही. मामांच्या कागदावरचं ते शून्य मी खोडून ठेवलंय, तिथं काय लिहायचं ते सोमवारी कळेल. आजी येणार आहे, सकाळी सातच्या एसटीनं, चहासुद्धा न घेता.